सत्तर म्हणजे किती?

तर झालं असं की गेल्या उन्हाळ्यात आम्ही नायगरा बघून परत येत होतो. आम्ही म्हणजे मी, बायको, माझा ऑफिसातला मित्र, त्याची बायको आणि कार सीटमध्ये गाढ झोपलेली त्यांची दोन वर्षांची मुलगी. मिशिगनमधल्या देशी मंडळींची नायगरावारी ठरलेली असते. आई-बाबा आले की नायगरा, लाँग वीकेंड आला की नायगरा, काहीच सुचलं नाही तरी नायगरा. जाताना कॅनडातून रस्ता जवळचा पडतो, म्हणून व्हिसा असेल तर सगळे तिकडूनच जातात.

कॅनडात शिरल्यावर मी एक हुशारी केली होती. माझी गाडी सेकंडहँड, पण स्पीडोमीटर डिजिटल. एक बटण दाबून धरलं की मैलांचे किलोमीटर होतात. पाट्यांवर १००, डॅशबोर्डवर १००. डोक्यात गुणाकार नको, काही नको. क्रूझ कंट्रोल लावला आणि निवांत गेलो.

परत येताना रात्र झाली होती. सार्नियाचा ब्लू वॉटर ब्रिज ओलांडला, इमिग्रेशनच्या रांगेत पाऊण तास गेला, आणि पोर्ट ह्युरॉनहून आय-९४ ला लागलो. पाटी आली, ७०. मी क्रूझ कंट्रोल ७० वर लावला आणि पाय मोकळा केला.

दोनेक मिनिटांनी बायको म्हणाली, "अरे, सगळे आपल्याला ओव्हरटेक का करतायत?"

"रात्रीचे पळवतात लोक," मी म्हणालो. (मी अगदी नियमाने चालवतोय हा आवाजातला अभिमान वेगळाच.)

मग आरशात एक ट्रक दिसला. आपल्याकडच्यासारखा नव्हे, अठरा चाकांचा. त्याचे दिवे मोठे होत गेले, होतच गेले. त्याने दिवे उघडझाप केले, मग हॉर्न असा काही दिला की अजून कानात आहे. शेवटच्या क्षणी तो डावीकडे वळला आणि आमच्या बाजूने गेला तेव्हा आमची गाडी अक्षरशः हलली. मुलगी उठून रडायला लागली. आणि मग माझं लक्ष आकड्याशेजारच्या बारीक अक्षरांकडे गेलं. किलोमीटर प्रति तास.

पाटीवरचे ७० मैल होते, माझे ७० किलोमीटर. म्हणजे साडेत्रेचाळीस मैल. मिशिगनच्या त्याच पाटीवर कमीत कमी वेगही लिहिलेला असतो, ५५ मैल. ट्रकला ६५ ची परवानगी. घरी येऊन हिशोब केला. तो ६५ ने येत असेल तर आमच्यातलं अंतर ताशी साधारण ३५ किलोमीटरने कमी होत होतं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा मीटर. शंभर मीटर मागे असेल तर त्याच्या हातात दहा सेकंद होते.

त्या रात्री झोप लागली नाही. मग इंजिनिअर माणूस झोप लागली नाही की जे करतो ते केलं. या दोन गोष्टी, क्रूझ कंट्रोल आणि मैल-किलोमीटर, मुळात आल्या कुठून ते शोधत बसलो.

आंधळ्या माणसाचा शोध

क्रूझ कंट्रोल ज्याने शोधला त्याने आयुष्यात कधी गाडी चालवली नाही. राल्फ टीटर हे त्याचं नाव. जन्म १८९०, इंडियाना राज्यातल्या हेगर्सटाउनचा. पाच वर्षांचा असताना झालेल्या अपघातानंतर दोन्ही डोळे गेले. तरी पठ्ठ्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९१२ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन नौदलाच्या विनाशिकांसाठी स्टीम टर्बाइनचे रोटर बनत होते. ते वेगात फिरताना थरथरू नयेत म्हणून अचूक संतुलित करावे लागत. त्या कामात टीटरची बोटं डोळस लोकांच्या डोळ्यांपेक्षा तेज ठरली. पुढे तो घरच्या कंपनीचा, पिस्टन रिंग बनवणाऱ्या 'परफेक्ट सर्कल'चा अध्यक्ष झाला. त्याआधी १९३६ मध्ये अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह इंजिनिअरांच्या संस्थेचा, एसएईचा, अध्यक्षही होता.

असं सांगतात की टीटर त्याच्या वकिलाच्या गाडीतून जायचा. वकीलसाहेब बोलायला लागले की गाडी हळू व्हायची आणि ऐकायला लागले की पळायची. शेजारी बसलेल्या डोळस माणसाला हे कदाचित जाणवलंही नसतं. तो खिडकीबाहेर बघत बसला असता. टीटरला मात्र प्रत्येक हिसका अंगावर कळायचा.

त्यात दुसरं महायुद्ध आलं. आग्नेय आशियातले रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले आणि टायर वाचवण्यासाठी १९४२ मध्ये अमेरिकेने देशभर ताशी ३५ मैलांची मर्यादा घातली. रिकाम्या रस्त्यावर ३५ वर टिकून राहणं किती अवघड असतं ते ज्याने मोकळ्या हायवेवर गाडी चालवली आहे त्याला सांगायला नको. पाय आपोआप खाली जातो.

टीटरला १९५० मध्ये पेटंट मिळालं. कल्पना साधी होती. डॅशबोर्डवर एक तबकडी, तिच्यावर वेग निवडायचा. गाडी त्या वेगाला पोचली की ॲक्सिलरेटरचं पेडल पायाला उलटा दाब द्यायला लागायचं. म्हणजे यंत्र गाडी चालवत नव्हतं, पायाला सांगत होतं की 'बास, इथेच थांब'. सांगण्याची भाषा स्पर्शाची होती, हे विशेष. पेडल त्या जागी पकडून ठेवण्याची सोय नंतर जोडली गेली.

१९५८ मध्ये क्रायसलरने हे यंत्र आपल्या महागड्या गाड्यांत दिलं आणि त्याला नाव दिलं 'ऑटो-पायलट'! हे नाव ऐकून आजच्या वाचकाला काहीतरी आठवलं असेलच. 'क्रूझ कंट्रोल' हे नाव रुळलं ते कॅडिलॅकमुळे. टीटर १९८२ मध्ये वारला.

फिरते गोळे

आतलं तंत्र मात्र टीटरच्या कितीतरी आधीचं. वाफेच्या इंजिनाचा वेग स्थिर ठेवण्यासाठी जेम्स वॅटने १७८८ मध्ये गव्हर्नर लावला. दोन लोखंडी गोळे इंजिनाबरोबर फिरतात. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफेची झडप थोडी बंद करतात. वेग कमी झाला की खाली येतात आणि झडप उघडते. मॅक्सवेलने (हो, तोच, विद्युतचुंबकीय समीकरणांवाला) १८६८ मध्ये या गव्हर्नरच्या गणितावर निबंध लिहिला, आणि कंट्रोल सिस्टिम्स नावाच्या ज्या विषयाने आमच्या सहाव्या सेमिस्टरला रडवलं त्याचा पाया तिथे पडला.

फरक समजून घ्यायचा तर जुनी फोर्ड मॉडेल टी बघा. तिला स्टिअरिंगखाली हाताने ओढायचा थ्रॉटल होता. ओढून ठेवला की ठेवला. पण त्यामुळे स्थिर राहतो तो इंधनाचा पुरवठा, वेग नव्हे. चढ आला की गाडी मंदावणार, उतार आला की सुटणार. क्रूझ कंट्रोल उलट करतो. वेग मोजतो, हव्या असलेल्या वेगाशी ताडून बघतो आणि फरकाप्रमाणे इंधन कमी-जास्त करतो. सेकंदाला कितीतरी वेळा हेच.

आता यात मेख कुठे आहे बघा. या सगळ्या चक्राला हवा असतो एक आकडा. तो बरोबर आहे की चूक, मैलांतला आहे की किलोमीटरमधला, याच्याशी यंत्राला कर्तव्य नाही. माझ्या क्रूझ कंट्रोलने त्या रात्री काहीही चूक केली नाही. चढावर ७०, उतारावर ७०. सांगितलं ते चोख केलं.

५५ चा जाच आणि किलोमीटरची भीती

क्रूझ कंट्रोल घराघरात पोचवला तो तेलाच्या टंचाईने. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं. जानेवारी १९७४ मध्ये निक्सनने कायद्यावर सही केली आणि देशभर ५५ मैलांची मर्यादा आली. ज्या रस्त्यांवर लोक ७०-७५ ने जात होते तिथे ५५! सरळसोट रस्ता, क्षितिजापर्यंत कोणी नाही, आणि पाय आवरून धरायचा. ट्रकवाल्यांनी सीबी रेडिओ घेतले आणि पोलीस कुठे दबा धरून बसलेत ते एकमेकांना सांगू लागले. बाकीच्यांनी क्रूझ कंट्रोल घेतला. पेट्रोलही वाचतं आणि दंडही. १९७९ मध्ये तर सरकारने नियम केला की स्पीडोमीटरवर ८५ च्या पुढे आकडेच नकोत आणि ५५ ठळक दिसला पाहिजे. आकडा लपवला की वेग कमी होईल, असा काहीसा सरकारी आशावाद. तो नियम लवकरच गेला. ५५ ची सक्ती मात्र १९८७ मध्ये सैल झाली आणि १९९५ मध्ये पूर्ण गेली.

याच दशकात दुसरं संकट येत होतं, किलोमीटर. १९७५ मध्ये फोर्डने (राष्ट्राध्यक्ष, गाडी नव्हे) मेट्रिक कायद्यावर सही केली, पण सक्ती नव्हती. १९७७ मध्ये हायवेच्या पाट्या किलोमीटरमध्ये करायचा प्रस्ताव आला आणि लोकांनी इतका विरोध केला की तो त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. १९८२ मध्ये रेगनने मेट्रिक बोर्डच गुंडाळलं. त्या स्वप्नाचा एक अवशेष अजून आहे. ॲरिझोनात टूसॉनहून मेक्सिकोच्या सीमेवरच्या नोगॅलेसला जाणारा आय-१९. तिथे अंतरं किलोमीटरमध्ये आणि वेगमर्यादा मैलांत. एकाच रस्त्यावर दोन्ही!

कॅनडाने मात्र धीर केला. १९७५ मध्ये हवामानाच्या बातम्या सेल्सिअसमध्ये आल्या आणि सप्टेंबर १९७७ मध्ये वेगाच्या पाट्या बदलल्या. ३० चे ५०, ६० चे १००. आता कल्पना करा. पाटी एका दिवसात बदलते, पण गाडी? ती दहा-बारा वर्षं चालणार, आणि तिच्या काट्याखाली मैलच लिहिलेले. म्हणजे कित्येक वर्षं कॅनडातला ड्रायव्हर एका भाषेतली पाटी वाचून दुसऱ्या भाषेतल्या काट्याने गाडी हाकत होता. पेट्रोलचा गोंधळ आणखी वेगळा. आधी गॅलनला किती मैल जाते ते बघायचे, म्हणजे आकडा मोठा तितकी गाडी चांगली. नवी पद्धत शंभर किलोमीटरला किती लिटर लागतं ते सांगते, म्हणजे आकडा मोठा तितकी गाडी वाईट! त्यात कॅनडाचा गॅलन इंग्रजी, ४.५ लिटरचा, आणि शेजारच्या अमेरिकेचा ३.८ चा.

आणि हा नुसता गमतीचा विषय नाही. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं नवंकोरं बोइंग ७६७ माँट्रियलहून एडमंटनला निघालं. विमानातले इंधनाचे मीटर बंद होते, म्हणून टाकीत किती इंधन आहे ते मोजून हिशोब केला. हवं होतं २२,३०० किलो. एका लिटरचं वजन किती हा आकडा घेताना ०.८ च्या ऐवजी १.७७ घेतला गेला. १.७७ बरोबरच होता, पण पौंडांतला. हवे होते त्याच्या निम्म्याहून कमी किलो टाकीत होते. ४१ हजार फुटांवर इंधन संपलं. कॅप्टन पिअर्सनला ग्लायडर उडवायचा अनुभव होता म्हणून त्याने ते धूड तरंगवत गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. ६९ माणसं होती, सगळी वाचली. नासाचं मंगळावरचं यान १९९९ मध्ये याच जातीच्या चुकीने गेलं. एका प्रोग्रॅमने पौंडांत आकडे दिले, दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये आहेत असं धरलं. कोड रिव्ह्यूमध्ये नुसतं 'स्पीड' नावाचं व्हेरिएबल दिसलं की मी आता एकक लिहायला लावतो. टीममधली मुलं वैतागतात. वैतागोत.

(जाता जाता एक युक्ती. ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९ ही फिबोनाचीची माळ. आपल्याकडे बाराव्या शतकात हेमचंद्राने लघु-गुरू मोजताना हीच मांडली होती. एक आकडा मैल धरला तर पुढचा साधारण तितकेच किलोमीटर. ५५ मैल म्हणजे ८९ किलोमीटर, खरे साडेअठ्ठ्याऐंशी. मैल १.६०९ किलोमीटरचा आणि या माळेचं गुणोत्तर १.६१८ च्या आसपास, हा निव्वळ योगायोग. पण सीमेवर कामाला येतो.)

आजोबांचा कान

हे वाचताना सारखे आजोबा आठवत होते. माझे आजोबा ट्रक ड्रायव्हर. साठच्या दशकात कोल्हापूरहून गुळाचे रवे भरून मुंबईला न्यायचे. पावणेचारशे किलोमीटर, मध्ये खंबाटकी, कात्रज आणि बोर घाट. म्हणजे भारतातला बदल त्यांनी स्टिअरिंगवर बसून पाहिला. १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले. १९५६ च्या कायद्याप्रमाणे १९५८ च्या ऑक्टोबरपासून वजनं-मापं बदलायला लागली. हळूहळू मणाचा क्विंटल झाला, गॅलनचा लिटर झाला, मैलाचा किलोमीटर झाला. हुंडेकऱ्याचं भाडं मणावर ठरलेलं, काट्यावर वजन किलोत, रस्त्यावरच्या दगडांवर कुठे मैल कुठे किलोमीटर. (म्हणीत मात्र अजून मैलाचाच दगड आहे.)

मी शाळेत असताना त्यांना विचारलं होतं, "आजोबा, तुमचा गोंधळ नाही उडायचा?"

ते हसले. "मैल काय आणि किलोमीटर काय, रस्ता काय वाढला न्हाई का आटला न्हाई. आणि माझ्या गाडीचा काटा चालू कुठं होता? इंजिन सांगतंय की रं."

तेव्हा मला ही थाप वाटली होती. आता वाटत नाही. इंजिनाच्या आवाजावरून, तळव्याला लागणाऱ्या थरथरीवरून त्यांना वेग कळायचा, तसा टीटरला वकिलाच्या गाडीतला हिसका कळायचा. एकाला डोळे नव्हते, दुसऱ्याला काटा नव्हता. माझ्याकडे दोन्ही होतं. शिवाय आख्खा हायवे सांगत होता, बाजूने जाणारी प्रत्येक गाडी सांगत होती, शेजारी बसलेली बायको तर शब्दांत सांगत होती. पण पाऊण तास रांगेत रांगल्यावर ७० किलोमीटरही भरधाव वाटले, आणि पाटीवरचा आकडा डॅशबोर्डवरच्या आकड्याशी जुळला होता ना! मग मी बाकी काही बघायचं सोडून दिलं.

अमेरिकेत एक जुनी लोककथा आहे. कोणीतरी मोठी घरगाडी विकत घेतो, हायवेवर क्रूझ कंट्रोल लावतो आणि उठून मागे कॉफी करायला जातो. असं काही कधी घडलेलं नाही, पण गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते, आणि त्यातला वेंधळा बहुतेक वेळा कोणी परका असतो, नुकताच देशात आलेला. आधी मी हसायचो. आता जरा कमी हसतो :)

गेल्या महिन्यात बाबांनी नवी गाडी घेतली. तिला क्रूझ कंट्रोल आहे. ते आणि आई समृद्धी महामार्गाने शिर्डीहून नागपूरला मावशीकडे गेले. रात्री व्हिडिओ कॉलवर बाबा खुशीत होते. "अरे, शंभरवर लावला आणि गाडी आपली आपण चालली! फक्त पाय कुठे ठेवायचे तेच कळेना. मांडी घालावीशी वाटत होती." आई मागून म्हणाली, "घातली होती यांनी, अर्धी."

समृद्धीवर सरळ रस्त्याने येणाऱ्या गुंगीबद्दल तुम्हीही वाचलं असेल. मी बाबांना ब्लू वॉटर ब्रिजच्या पुढची गोष्ट तोवर सांगितली नव्हती. आई घाबरेल म्हणून. त्या रात्री सगळी सांगितली, ट्रकच्या हॉर्नसकट. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझे आजोबा शेजारी असते तर त्यांनी तुला दुसऱ्या मिनिटाला ब्रेकवरनं शिवी घातली असती."

"घातली असती," मी म्हणालो. "पण बाबा, तुम्ही उजवा पाय ब्रेकजवळ ठेवत जा. आणि आई काही म्हणाली तर आधी आरशात बघा, मग उत्तर द्या."

असो. पुढच्या वीकेंडला परत नायगरा आहे. सासू-सासरे आलेत.